स्वभावालाही कधी औषध असते!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. जळगावचा मे कसा असतो हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि दवाखान्यातला कूलर गरम हवाच फेकत होता. अशा वेळी यावल तालुक्यातली एक चाळिशीची बाई तपासणीला आली. अंगावर शाल. बाकावर बसता बसता हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तेवढा पंखा बंद कराल का?"

बाकीचे पेशंट हसले. तिचा नवराही हसला. म्हणाला, "हिचं असंच आहे साहेब. दिवसभर गोधडीत. काम सांगितलं की अंग दुखतं. आळशी स्वभाव, दुसरं काय!"

ही बाई माझ्याकडे त्याआधी दोन वर्षे येत होती. सांगायला संकोच वाटतो, पण सांगायला हवे. त्या दोन वर्षांत मी तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शने दिली, गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल दिले. तक्रार एक, गोळी एक. या सगळ्या तक्रारी एकाच शरीरातून येत आहेत, हा साधा विचार माझ्या डोक्यात त्या दुपारी, त्या पंख्यामुळे आला. मग नीट पाहिले. नाडी मिनिटाला चोपन्न. हाताची कातडी थंड, कोरडी, खरबरीत. चेहरा सुजल्यासारखा, पापण्या जड. आवाज घोगरा, आणि तो घोगरा आहे हे दोन वर्षांत मला कधी जाणवलेच नव्हते. टाचेमागच्या शिरेवर छोटी हातोडी मारली, तर पाऊल हलले खरे, पण जागेवर परत येताना रेंगाळत आले. रक्तातला टीएसएच तपासायला पाठवला. साधारण निरोगी माणसात तो अर्धा ते साडेचार-पाच असतो. हिचा शंभराच्या वर होता.

थायरॉईडची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी नवरा एकटाच आला आणि म्हणाला, "साहेब, आता ती माझ्यावर ओरडते." मी म्हटले, "चांगले लक्षण आहे!"

आपल्याकडे म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. थायरॉईडच्या बाबतीत ही म्हण फार नुकसान करते. हा आजार एका रात्रीत येत नाही, ताप घेऊन येत नाही. वर्ष-दीड वर्षात तो इतका सावकाश उतरतो की घरच्यांना माणूस आजारी पडला असे वाटतच नाही, माणूस बदलला असे वाटते. बाई आळशी झाली, पुरुष तापट झाला, पोर मठ्ठ निघाले. एकदा स्वभावाचे नाव दिले की मग दवाखान्यात कोण आणणार? आणि आणलेच तर आम्ही डॉक्टर मंडळीही टॉनिकची बाटली लिहून मोकळे होतो.

थोडे या ग्रंथीविषयी. गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची ही अवटु ग्रंथी असते. वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. अन्नातले आयोडीन घेऊन ती जी संप्रेरके तयार करते, त्यांवर शरीराच्या प्रत्येक पेशीचा वेग ठरतो : हृदय किती भरभर चालायचे, आतडे किती हलायचे, अंगात ऊब किती, डोके किती चपळ. मोठ्या माणसाला रोज सुमारे दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. साऱ्या जन्माचे एकत्र केले तरी चहाचा एक चमचा भरणार नाही. पण ते रोज मिळावे लागते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो मिटवून टाकू. पेशंट रिपोर्ट घेऊन येतो आणि म्हणतो, "माझा थायरॉईड वाढलाय." पाहावे तर वाढलेला असतो टीएसएच, आणि थायरॉईडचे काम झालेले असते कमी. टीएसएच हा थायरॉईडमधून येत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. जिनिंगमधला मुकादम डोळ्यापुढे आणा. मजूर नीट काम करीत असले की मुकादम हळू आवाजात बोलतो. काम थंडावले की त्याचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. तो चढला असेल तर ग्रंथी मंदावली आहे, आणि तो अगदी गप्प झाला असेल तर ग्रंथी वाजवीपेक्षा जोरात चालली आहे. (क्वचित मुकादमच आजारी असतो, पण तो विषय तज्ज्ञांवर सोडू.)

ग्रंथी मंदावण्याचे आज सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली त्याचे वर्णन केले. यात शरीराचे संरक्षक सैन्य चुकून स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते आणि हळूहळू ती निकामी करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे कितीतरी पटीने जास्त. घरात आई-मावशीला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या देशातल्या आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉईड मंदावलेली निघाली. त्यात मुंबई होती, गोवाही होता. मला त्यातला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. तपासलेल्या माणसांपैकी जवळजवळ साडेतीन टक्के असे होते, की त्यांना आपल्याला हा आजार आहे याचा तोवर पत्ताच नव्हता. ही मोठी शहरे झाली. आमच्या खेड्यांतल्या बायका तर दुखणे अंगावर काढण्यात पटाईत.

आणि काढतातही कशा, तर तुकड्यातुकड्याने. केस गळतात म्हणून एका डॉक्टरकडे, पाळीत अंगावर जास्त जाते म्हणून दुसऱ्याकडे, गुडघ्यांसाठी तिसऱ्याकडे. रक्तातली चरबी वाढली म्हणून चौथा गोळी देतो. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही, म्हणून देवदेव होतात. झोप पुरत नाही, काही आठवत नाही, उगाच रडू येते, याला तर कोणी आजारच म्हणत नाही. प्रत्येक फाईल वेगळी, आणि सगळ्या फायलींवर नाव एकाच बाईचे. माझे सांगणे एवढेच, की या तक्रारींपैकी तीन-चार एकत्र आल्या, त्या काही महिन्यांत हळूहळू वाढत गेल्या आणि जोडीला थंडी सोसेनाशी झाली, तर टीएसएच तपासून घ्यावा. खान्देशात हे ओळखणे एका अर्थी सोपे आहे. एप्रिल-मेमध्ये जो माणूस गच्चीवर झोपायला नको म्हणतो आणि पांघरूण मागतो, त्याच्याकडे घरच्यांनी नीट पाहावे.

वजनाबद्दल मात्र एक स्पष्ट सांगतो. थायरॉईडमुळे वजन वाढते, पण ते सहसा चार-पाच किलो. पंचवीस किलो वाढले आणि दोष थायरॉईडला दिला, हे बरोबर नाही. त्याचा हिशेब दुसरीकडे, ताटात आणि दुपारच्या झोपेत शोधावा लागतो.

आता जरा मागे जातो. १९९४ साली इंटर्नशिपमध्ये मला सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात काही आठवडे काढावे लागले. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ च्या जुलैमध्ये. तिथल्या बाजाराच्या दिवशी मी पहिल्यांदा पुस्तकाबाहेरचा गलगंड पाहिला. गळ्यातल्या चांदीच्या दागिन्याखालून लिंबाएवढी, कोणाची पेरूएवढी गाठ दिसायची. त्या बायकांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांच्या आईलाही होती, आजीलाही होती.

एक बाई मुलाला खोकला झाला म्हणून आली होती. मुलगा दहा-बारा वर्षांचा, पण दिसायला पाच-सहाचा. बोलत नव्हता, ऐकतही नसावा. चालणे आखडलेले. बरोबरची माणसे त्याला सरळ 'येडा' म्हणत होती, तेही प्रेमाने. मी खोकल्याचे औषध दिले आणि आईच्या कागदावर गलगंड अशी नोंद केली. मुलाच्या कागदावर खोकला. आईच्या गळ्यातली गाठ आणि मुलाची मुकी जीभ यांचा काही संबंध असू शकतो, हे परीक्षेत लिहून मी पास झालो होतो. तिथे, त्या झाडाखाली बसलो असताना ते मला सुचले नाही. त्या मुलाची तपासणी झालीच नाही, म्हणून खात्रीने काही सांगता येत नाही. पण तो मुलगा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

डोंगराळ मुलखात असे का होते? शेकडो वर्षांचा पाऊस वरच्या मातीतले आयोडीन धुऊन नद्यांवाटे समुद्रात नेतो. मग त्या मातीतल्या धान्यात, भाजीत, चाऱ्यात आणि दुधातही ते उरत नाही. समुद्राची मासळी खाणाऱ्याला ते परत मिळते. पण सातपुड्यातल्या माणसाच्या ताटात समुद्र कुठून येणार? तो मिठातूनच यायला हवा.

हे आपल्याच देशात सिद्ध झालेले आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतल्या शाळकरी मुलांचे गलगंड झपाट्याने कमी झाले, तिसऱ्यातले होते तसेच राहिले. या कामाचा जो अहवाल १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला, त्याच्या लेखकांत देव आणि कर्मरकर ही मराठी आडनावेही आहेत. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा रोग फक्त हिमालयाचा, ही समजूत मात्र बरीच वर्षे टिकली. १९८९ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या १४ जिल्ह्यांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात २१ टक्के लोकांना गलगंड निघाला, तेव्हा ती समजूत मोडली.

पुढचा इतिहास मला आजही उद्वेगजनक वाटतो. १९९८ साली खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर देशभर बंदी आली. २००० साली ती उठवली गेली. मीठ कोणते खायचे हा ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न आहे, असा युक्तिवाद झाला. २००६ साली बंदी पुन्हा आली. मधली सहा वर्षे गेली. निवड करायची म्हणजे माहिती हवी, आणि आठवडी बाजारात गोणीतले खडे मीठ घेणाऱ्या बाईला ती कोणी दिली होती? पोटातल्या बाळाने तर कशाचीच निवड केलेली नसते.

आज देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक घरांत आयोडीनयुक्त मीठ पोहोचले आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांनी हे घडवले त्यांचे फोटो कुठे लागत नाहीत. पण आता शिकलेल्या घरांतून उलटी वाट सुरू झालेली दिसते. 'नैसर्गिक' म्हणून सैंधव, गुलाबी मीठ, खडे मीठ आणले जाते. चवीला, उपवासाला घ्या, माझी हरकत नाही. पण रोजच्या स्वयंपाकाचे मीठ पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलेच असावे. विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर. बरणीला घट्ट झाकण असावे आणि ती चुलीच्या वाफेपासून दूर असावी. रक्तदाबाच्या रुग्णाने मीठ कमी खावे, पण खाईल ते याच प्रकारचे. आणि हेही लक्षात असू द्या, की हाशिमोटोमुळे ग्रंथी निकामी झाली असेल तर जास्त मीठ खाऊन ती बरी होत नाही. तिथे गोळीच लागते.

गरोदरपणाकडे येतो, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे.

पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड साधारण बाराव्या आठवड्यानंतर काम करू लागते आणि निम्मे दिवस भरेपर्यंत तिचा जम बसत नाही. तोपर्यंत बाळाच्या मेंदूला लागणारे संप्रेरक येते ते आईच्या रक्तातून. म्हणून ज्या बाईला आधीपासून थायरॉईडची गोळी चालू आहे, तिची मात्रा दिवस राहताच साधारण पाव ते तीस टक्क्यांनी वाढवावी लागते. बंद तर मुळीच करायची नसते.

आमच्याकडे नेमके उलटे होते. शिरपूरकडची एक मुलगी, माहेर धुळ्याचे. लग्नानंतर दोनदा गर्भपात झाला. मग थायरॉईड मंद असल्याचे निघाले, गोळी सुरू झाली आणि वर्षभरात दिवस राहिले. पेढे आले. त्यानंतर ती आली नाही. चौथा महिना सरत आला तेव्हा पायांना सूज म्हणून सासू घेऊन आली. मी गोळीचे विचारले. सासूबाई म्हणाल्या, "पोटमा लेकरू शे, ह्या गोया गरम पडतस. मीच बंद करी टाक्यात." टीएसएच अडतीस निघाला.

मला त्या बाईचा राग आला नाही. सुनेवर जीव होता म्हणूनच तिने गोळ्या बंद केल्या होत्या. राग आला तो स्वतःचा, की गोळी सुरू करतानाच 'दिवस राहिले तर त्याच आठवड्यात यायचे' हे मी सुनेला सांगितले, सासूला नाही. त्या दिवसापासून मात्रा वाढवली, दर महिन्याला रक्त तपासले. बाळ दिवस भरून आले, तिसऱ्या दिवशी त्याचेही रक्त तपासून घेतले, ते ठीक निघाले. आज ते शाळेत जाते. पण मधले तीन महिने गेले ते गेलेच, आणि त्या तीन महिन्यांचा हिशेब कोणालाच मांडता येत नाही.

म्हणून माझे ठाम मत आहे, की दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत, हिमोग्लोबिन आणि साखरेबरोबर, टीएसएच झाला पाहिजे. आणि जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन, शक्यतो दोन ते तीन दिवसांच्या आत, थायरॉईड तपासली पाहिजे. आपल्याकडे साधारण हजार-अकराशे जन्मांमागे एक बाळ असे असते, की त्याची थायरॉईड जन्मतःच नीट काम करीत नाही. ते बाळ दिसायला चांगले असते. फार रडत नाही, खूप झोपते, दूध ओढायला कंटाळते, कावीळ लवकर उतरत नाही, पोट फुगलेले राहते. घरात कौतुक होते, "किती शहाणे आहे, त्रासच देत नाही!" पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक लहानशी गोळी, आईच्या दुधात विरघळवून चमच्याने सुरू झाली, तर हे बाळ इतर मुलांसारखेच वाढते. तीच गोळी सहा महिन्यांनी सुरू केली तर बुद्धीचे झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही. गोव्याने २००८ साली नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती, केरळातल्या सरकारी रुग्णालयांतही ती होते. आमच्या भागात ती आपोआप होईल असे धरून चालू नका. बाळंतपण सरकारी दवाखान्यात होवो की खाजगी, बापाने डिस्चार्जच्या आधी एवढेच विचारावे : "बाळाचा टीएसएच केला का?" बारशाच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

तापटपणाचे राहिले. एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ माझ्याकडे येत. पस्तिशीचे, शांत माणूस. वर्षभरात प्रवाशांशी भांडणे सुरू झाली, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. तिकीट देताना हात थरथरतो म्हणून 'पितो' अशी कुजबुज झाली. भूक भरपूर, तरी वजन नऊ किलो उतरलेले. घरच्यांनी साखर तपासली, मग टीबीची धास्ती घेतली. दोन्ही नाही. हिवाळ्यात त्यांना बनियनवर बसवत नव्हते, इतका घाम. नाडी एकशे वीस, डोळे किंचित पुढे आलेले. यांचा टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे ग्रंथी बेफाम. गोळ्यांनी चार-सहा महिन्यांत माणूस जागेवर आला. काहींना किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रियाही लागते, ते तज्ज्ञ ठरवतात. एक इशारा मात्र द्यायलाच हवा : थायरॉईडचा जोर कमी करणाऱ्या या गोळ्या चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. क्वचित त्या धोकादायक रीतीने घटतात. आणि डोळे पुढे आले असतील तर विडी-सिगारेट ताबडतोब बंद. तिने डोळ्यांचे नुकसान वाढते.

म्हाताऱ्या माणसांत यातले काहीच दिसत नाही. फक्त छातीत अनियमित धडधड, थोडा दम, अंग वाळत चाललेले. 'वय झाले' म्हणून तेही सोडून दिले जाते.

गळ्यात गाठ दिसली तर घाबरून जाऊ नका. आरशासमोर उभे राहून पाण्याचा घोट घ्या. घोटाबरोबर गाठ वरखाली सरकली तर ती बहुधा थायरॉईडची. सोनोग्राफी करावी, गरज पडली तर सुईने तपासणी. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. लवकर वाढणारी, टणक, आवाज बदलवणारी गाठ मात्र वाट पाहत ठेवू नये.

आता दुसऱ्या बाजूचेही बोलायला हवे. हल्ली संपूर्ण शरीर तपासणीची पॅकेजे निघाली आहेत. त्यात टीएसएच सहा-सात आला, माणसाला कसलाही त्रास नाही, की लगेच जन्मभराची गोळी चालू होते. हे मला पटत नाही. त्रास नसेल, दिवस गेलेले नसतील किंवा मूल हवे असण्याचा प्रश्न नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. पुष्कळदा आकडा आपोआप उतरतो. सत्तरीपुढे तर तो थोडा वर असणे नेहमीचेच आहे.

पण आजार खरा असेल आणि गोळी चालू असेल, तर 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून ती बंद करू नये. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. मोटार चालू आहे म्हणून शेताला पाणी आहे. मोटार बंद केल्यावर दोन दिवस ओल राहते, त्याला पाणी म्हणत नाहीत.

गोळी पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर. गरोदर बायकांना या तिन्ही एकदम दिलेल्या मी रोज पाहतो आणि मग म्हणतात गोळीचा गुण येत नाही. बाटली खिडकीत किंवा ओट्याजवळ ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात ती गोळी टिकत नाही. मात्रा बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचे, आधी नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या दोन दिवस आधी बंद ठेवा, त्या रिपोर्ट चुकवतात. टीएसएचसाठी उपाशी राहण्याची सक्ती नसते, पण त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. आणि येताना जुने रिपोर्ट घेऊन या, सगळे.